दोन्ही अंगठ्यांची शाई

दत्तात्रय कौलासकर घरात मोजे घालून फिरायला लागला तेव्हा प्रमिलाबाईंनी आधी थट्टाच केली. हैदराबादच्या बरकतपुऱ्यात उन्हाळ्यात माणसं उघड्या फरशीला पाठ लावून पडतात, आणि हा पोलीस खात्यातला एएसआय खाकी मोजे चढवून देवाला फुलं वाहतो.

"अहो, काश्मीरला बदली झाली की काय?"

तो हसला नाही. मग तिच्या लक्षात आलं की बाथरूममधून ओले मोजे बाहेर येतात. रोज. म्हणजे हा गृहस्थ मोजे घालून आंघोळ करतो. तिने दोरीवर लटकलेल्या त्या जोडाकडे पाहिलं आणि थट्टा थांबवली.

खरं सांगायचं तर बज्जीवाला मल्लेश मेल्यापासून दत्तात्रयाने स्वतःचे पाय बघितले नव्हते. दुसऱ्याचे दिसायचे ते चुकत नव्हतं. हे गाव चपलांचं. चहाच्या हॉटेलात, बसथांब्यावर, ठाण्याच्या पायरीवर, जिकडे बघावं तिकडे माणसांचे अंगठे. देवळात जाणं त्याने सोडलं होतं, कारण तिथे तर सगळेच अनवाणी. अंगठा दिसला की त्यावर निळी-काळी शाई दिसायची. डोळे मिटले की आवाज यायचा, भाजलेल्या ओठांतून आलेला, पाण्यातून आल्यासारखा: "राशिंड्रा सार?"

लिहिलंत का, साहेब?

*

कौलासकरांचं घराणं पिढीजात सरकारी चाकरीतलं. आजोबा महसुलात, वडील कोर्टात तर्जुमेदार. उर्दूतला कागद तेलुगूत, तेलुगूतला मराठीत, असं त्यांचं आयुष्य गेलं. वडील म्हणायचे, दत्तू, माणूस काय बोलला ते लिही, त्याला काय म्हणायचं असेल ते लिहू नको. पोराने ते ऐकलं. चार भाषा तोंडात, अक्षर मोत्यासारखं, आणि हात कोरडा. सगळ्या नोकरीत त्याने कुणाकडून काही घेतलं नाही. बंडीवाल्याचा, म्हणजे हातगाडीवाल्याचा, चहासुद्धा पैसे देऊन प्यायचा आणि सुट्टे नसले तर प्यायचाच नाही.

नसीमबाग ठाण्यात त्याला 'शाकाहारी' म्हणायचे. मटण तो चांगलं हादडायचा, तो भाग वेगळा. शाकाहारी म्हणजे न घेणारा. "आज पंगत आहे, शाकाहारी साबांना आधी घरी पाठवा रे," असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळे फिदीफिदी हसायचे. तोही हसायचा. त्याला ती शिवी वाटली नाही कधी, पदवी वाटली. इतरांनी घेतलं तर तो खिडकीबाहेर बघायचा. आपण घेत नाही ना, मग झालं. ज्याचं पाप त्याच्या पदरात.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात कधी शिरली नाही. प्रकरणाला वास मारायला लागला की जबाब लिहायला त्यालाच का पाठवतात? लॉकअपमधला पोरगा आजारी पडला, दत्तू साबांना बोलवा. मोर्च्यात कुणाचं डोकं फुटलं, दत्तू साबांना बोलवा. कोर्टात त्याचं नाव आलं की वकीलसुद्धा आवाज खाली आणायचे, कारण हा माणूस खोटं लिहीत नाही. त्याला वाटायचं, हा आपला मान आहे. अरे, खाटकाच्या दुकानावर गाईचं चित्र टांगतात तसा तुला टांगला होता रे! पण हे त्याला सांगणार कोण? ठाण्यात सगळे पंगतीतले.

आता तो शब्द. मराठीत मामुली म्हणजे क्षुल्लक. तेलुगूत मामूलु म्हणजे नेहमीचं. आणि हैदराबादच्या रस्त्यावर मामूल म्हणजे बंडीवाल्याने, पानवाल्याने, लॉजवाल्याने खाकीला द्यायचं ते. क्षुल्लक, नेहमीचं आणि लाच, तिन्हींना एकाच शब्दात घालून हे शहर निवांत झोपतं.

*

मल्लेशची मिरची बज्जीची बंडी होती, नसीमबागच्या चौकात. दुपारी कढई तापत असताना कॉन्स्टेबल यादगिरी तिथे गेला. काय झालं ते बघणारे पुष्कळ होते, आणि सांगणारं कुणी नव्हतं. कढई उलटली. उकळतं तेल मल्लेशच्या छातीवर, हातांवर, तोंडावर गेलं. ठाण्याच्या वायरलेसवर आलं ते एवढंच: स्टोव्हचा अपघात.

सरकारी दवाखान्यात जबाब घ्यायला दत्तात्रय गेला. मॅजिस्ट्रेटना निरोप गेला होता, ते यायचे होते. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं, शुद्धीवर आहे, बोलू शकतो. जबाब घेताना नातेवाईक नको म्हणून मल्लेशच्या बायकोला, पद्मावतीला, पडद्याबाहेर बसवलं. दत्तात्रय स्टुलावर बसला आणि त्याने कान मल्लेशच्या तोंडाशी नेला.

मल्लेश थोडंच बोलला. पण जे बोलला ते एकेक अक्षर सुटं करून बोलला, जणू हे माणसाला कळलंच पाहिजे.

"यादगिरी सार मामूलुकु वच्चिंडु. कढाई तिरगबड्डदि."

यादगिरी साहेब मामूलसाठी आला. कढई उलटी झाली.

दत्तात्रयाने तसंच लिहिलं. बोलला ते लिहिलं. मल्लेशने विचारलं, "राशिंड्रा सार?"

"राशिना," दत्तात्रय म्हणाला. लिहिलं.

हात पट्ट्यांत गुंडाळलेले, बोटं उरलेली नव्हती. अशा वेळी पायाचा अंगठा घेतात. पुरुषाचा डावा. दत्तात्रयाने चादर वर केली, डाव्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर टेकवला. पाय तेवढे धड राहिले होते. भेगाळलेले, दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाचे पाय.

व्हरांड्यात इन्स्पेक्टर वेणुगोपाल उभे होते. वयाने दत्तात्रयापेक्षा लहान, बोलायला गूळ. त्यांनी कागद वाचला, आणखी एकदा वाचला आणि दत्तात्रयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"दत्तू साब, एकीच अक्षर है जी. 'कु' काढा, 'गा' घाला."

मामूलुकु म्हणजे मामूलसाठी. मामूलुगा म्हणजे नेहमीप्रमाणे. यादगिरी साहेब नेहमीप्रमाणे आला, कढई उलटी झाली. गस्त घालायला आलेला बिचारा शिपाई, आणि अपघात.

"सर, तो 'कु' म्हणाला."

"म्हणाला असेल. पण खोटं काय आहे त्यात? यादगिरी रोज यायचा की नाही? नेहमीप्रमाणेच आला की नाही?" वेणुगोपाल हसले. "पोराला दोन लेकरं आहेत. आणि यादगिरी एकटा जाणार नाही साब. तो तोंड उघडेल. मग मी, माझ्या वरचे, त्यांच्या वरचे. सगळं ठाणं जाईल, एका अक्षरापायी. तुम्ही घेत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला सांगतोय. दुसऱ्याने लिहिलं तर कोर्ट विश्वास ठेवणार नाही."

दत्तात्रय नाही म्हणू शकला असता. हे पुढे तो स्वतःला रोज सांगणार होता. समोर पिस्तूल नव्हतं, नोकरीची धमकी नव्हती. फक्त खांद्यावर हात होता आणि साहेब आपल्याला चांगला म्हणत होते. त्याने बाकावर बसून दुसरा कागद लिहिला. पहिला वेणुगोपालांनी घडी घालून खिशात टाकला.

दुसरा कागद घेऊन तो पडद्याआत गेला. पद्मावती आता नवऱ्याच्या उशाशी बसून पदराने वारा घालत होती. मल्लेशचे डोळे अर्धे उघडे होते. दत्तात्रयाने आयुष्यात मढी थोडी बघितली नव्हती. त्याला दारातूनच कळलं. तिला कळलं नव्हतं.

"बाई, याला काहीतरी गार हवं," तो तिला म्हणाला. "शहाळं आण जा."

ती धावत गेली. त्याने चादर वर केली. डाव्या अंगठ्यावर मघाची शाई अर्धवट सुकलेली. त्यावर पुन्हा शाई लावून टेकवला तर कागदावर नुसता डाग उठणार हे त्याला दिसत होतं. आणि त्याला घाण काम चालत नसे. कोर्टात असा फरकटलेला अंगठा पाठवायची त्याची रीत नव्हती. म्हणून त्याने उजवा घेतला. ठसा स्वच्छ उमटला, एकेक रेघ मोजून घ्यावी असा. डॉक्टरीणबाई तेव्हा दुसऱ्या पेशंटला धरून होत्या. त्यांनी न बघता सही ठोकली.

पद्मावती परत आली तेव्हा तो पडद्याबाहेर उभा होता. "झोपलाय," तो म्हणाला. "उठवू नको." घसा सुकला होता. तिने आणलेलं शहाळं पिऊन तो ठाण्यावर परतला.

*

मढ्याला आंघोळ घालताना सगळं दिसतं. पोलिसांच्या हे लक्षात राहत नाही, कारण पोलीस मढ्याला आंघोळ घालत नाहीत.

दिवस झाल्यावर पद्मावती ठाण्यात आली. नल्लकुंट्याला नणंदेकडे राहत होती. ठाण्यात येणाऱ्या बायका रडतात नाहीतर शिव्या देतात. ही दोन्ही करेना. सरळ दत्तात्रयाच्या टेबलासमोर उभी राहिली.

"सार, कागदावर एक अंगठा घेतात ना?"

"हो."

"मग त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना शाई का होती?"

कोपऱ्यात यादगिरी फाईल चाळत होता, त्याचा हात थांबला.

"डावा पुसट होता," ती म्हणाली. "उजवा ताजा. मी शिकेकाई लावून घासला. गेला नाही. तसाच जाळला."

"होतं कधी कधी," दत्तात्रय म्हणाला. "पहिला ठसा नीट उठला नाही की दुसरा घेतात."

"मग एकाच कागदावर दोन ठसे असतील. मला दाखवा."

"कोर्टात गेला कागद."

ती जाईना. "त्यांनी काय सांगितलं, सार? मला पडद्याबाहेर काढलं होतं. ठाणेवाले म्हणतात, स्टोव्हचा अपघात. चौकातले लोक म्हणतात, तुम्हाला विचार. म्हणतात, कौलासकर सार घेत नाहीत, ते खोटं बोलणार नाहीत. म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही."

तो खाली बघायला गेला आणि टेबलाखालून तिचे पाय दिसले. मट्टेलु, म्हणजे जोडवी, घालायची तिची बोटं उघडी होती, चांदीचा पांढरट चट्टा राहिला होता. शेजारी अंगठा. त्याने मान झटकन वर केली.

"चौकशी लागणार आहे," तो म्हणाला. "तिथे सगळं येईल."

चौकशी खरंच लागली. तिनेच अर्ज केला होता, वर, थेट. त्यात तिने दुसरं काही लिहिलं नव्हतं. फक्त तोच प्रश्न: माझ्या नवऱ्याच्या दोन्ही अंगठ्यांना शाई का?

*

ठाण्यात मग दत्तात्रयाला वेगळाच मान आला. त्याच्या टेबलावर न सांगता चहा येऊ लागला. "पिऊन घ्या साब, टेन्शन नक्को." शिपाई उठून उभे राहू लागले. एक जण म्हणाला, शाकाहारी साबांनी अंडं खाल्लं. दुसरा म्हणाला, अंडं शाकाहारीच असतं रे. त्याच्या देखत हसले. पूर्वी त्याच्यावर हसायचे, आता त्याला धरून हसत होते. हा फरक त्याला लागला.

एका दुपारी यादगिरी त्याला मागच्या अंगणात, जप्त केलेल्या गाड्यांच्या ढिगाऱ्याशी भेटला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"अन्ना, मी त्याला मारायला गेलो नव्हतो. आईशपथ. तो म्हणाला, आज धंदा नाही, उद्या ये. मी म्हटलं, उद्या-बिद्या नक्को. बंडीला पाय लावला. नुसता पाय लावला. रोज लावतो तसा." तो स्वतःच्या बुटाकडे बघत राहिला. "झोपेत मला तेलाचा वास येतो. घरात बायकोने भजी तळली तर मी बाहेर जाऊन ओकतो."

"मग सांग तसं चौकशीत."

"मी?" यादगिरी एकदम पेटला. "मीच का? मी माझ्यासाठी घेत होतो? वर जात नव्हतं? तुम्ही घेत नाही, नका घेऊ, तुमची ऐपत आहे. बापाचं घर आहे बरकतपुऱ्यात. पण एक सांगा अन्ना. ठाण्याच्या जीपमध्ये पेट्रोल कुठून येतं? सरकारी येतं ते पंधरवड्यात संपतं, नंतर जीप मुतावर चालते काय? मढं उचलायला ऑटो लावतो, ते भाडं कोण देतं? तुम्ही जबाब लिहिता ते कागद? स्टेशनरीवाल्याकडून मीच आणतो. मामूलातून. आणि तो शाईचा पॅड..."

तो बोलता बोलता थांबला. काय बोललो ते त्यालाही आत्ताच कळल्यासारखं त्याचं तोंड उघडं राहिलं.

"शाईचा पॅड काय?" दत्तात्रयाने विचारलं.

"जुना सुकला होता. त्याच आठवड्यात नवीन आणला," यादगिरी पुटपुटला. "चौकातल्या मामूलातूनच."

म्हणजे मल्लेशच्या मिरच्यांतून. मल्लेशच्या पैशाची शाई, मल्लेश मेल्यावर, मल्लेशच्या पायाला.

दत्तात्रय तिथेच एका मोडक्या स्कूटरवर बसला. इतकी वर्षं आपण ज्या खिडकीबाहेर बघत आलो, त्या खिडकीची काचसुद्धा मामूलातून बसवली असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हसू फुटलं. वाईट हसू. यादगिरी घाबरून निघून गेला.

चौकशीच्या आदल्या दिवशी वेणुगोपालांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"त्या उजव्या अंगठ्याची भानगड तुमची आहे, दत्तू साब. मी अक्षर बदला म्हटलं, पाय बदला म्हटलं नव्हतं." मग आवाज खाली आणला. "पण रस्ता आहे. डाव्याचा ठसा बिघडला, कागद खराब झाला, म्हणून पुन्हा लिहिला. माणूस जिवंत होता. आणि 'कु' की 'गा' असं कुणी खोदून विचारलंच, तर तुम्ही मराठी माणूस. तेलुगू तुमची मातृभाषा थोडीच आहे? ऐकण्यात चूक झाली असेल म्हणा. महाराष्ट्रातले लोक, बिचारे, त्यांना काय कळतं? कुणीही मान्य करेल."

"मी महाराष्ट्रातला नाही, सर. माझे आजोबासुद्धा इथेच जन्मले."

"ते आम्हाला ठाऊक आहे जी. कागदाला कुठे ठाऊक आहे?"

*

घरी येऊन त्याने प्रमिलाबाईंना सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात, ती भेंडी चिरत असताना. भेंडी तशीच राहिली, चिकट झाली.

"मोजे काढा," ती शेवटी म्हणाली.

"नको."

"काढा म्हणते ना."

त्याने काढले, भिंतीकडे तोंड करून. "आहे ना? उजव्याला?"

ती खाली वाकली, चष्मा लावून बघितलं. पाय ओलाव्याने पांढरे पडले होते, सुरकुतले होते, मढ्याच्या पायासारखे. शाई नव्हती. तिने तसं सांगितलं. त्याने मान वळवून बघितलं तर त्याला दिसली: निळी-काळी, ताजी, एकेक रेघ मोजून घ्यावी अशी. तिने वजरी आणली, साबण आणला आणि जिथे काही नव्हतं तिथे ती बाई नवऱ्याचा अंगठा घासत बसली. कातडी लाल झाली. रक्ताचा एक थेंब आला.

"गेली?"

"नाही," तो म्हणाला.

ती तशीच फरशीवर बसून राहिली. "खरं सांगितलंत तर पेन्शन जाईल."

"तुरुंगही होईल."

"आणि नाही सांगितलंत तर?" तिचा आवाज चढला. "मोजे घालूनच जाळायचं का तुम्हाला? मला नाही जमायचं ते. आत्ताच सांगून ठेवते."

एवढं बोलून ती भेंडीकडे वळली आणि तिचे खांदे हलायला लागले.

*

चौकशी अधिकारी बाई होत्या, वरच्या दर्जाच्या, कोऱ्या चेहऱ्याच्या. त्यांच्या शेजारी टायपिस्ट. दुसऱ्या खुर्चीत वेणुगोपाल, हातात रुमाल. बाहेर बाकावर पद्मावती. आत शिरताना दत्तात्रयाने तिला बघितलं. तिने नमस्कार केला. तिचा अजून विश्वास होता, हेच सगळ्यात वाईट होतं.

"मयताने काय सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"मामूलुकु वच्चिंडु."

टायपिस्टने टाईप केलं. बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. "जबाबात 'मामूलुगा' आहे. तुमची मातृभाषा?"

"मराठी."

वेणुगोपालांनी श्वास सोडला. दत्तात्रयाला तो ऐकू आला. दरवाजा उघडून दिला होता, फक्त बाहेर पडायचं होतं.

"म्हणजे ऐकण्यात गल्लत होऊ शकते," बाई म्हणाल्या. त्यांचा सूर बरा होता. त्यांनाही घरी जायचं होतं. त्यांच्याही वर कुणीतरी होतं.

"होऊ शकत नाही," दत्तात्रय तेलुगूत म्हणाला, चौकातल्या तेलुगूत, ज्यात तो लहानपणी विटी-दांडू खेळला आणि मार खाल्ला. "लाच मागितलेली मला चारही भाषांत कळते, मॅडम. तो 'कु' म्हणाला. मी 'कु'च लिहिलं होतं, त्याखाली डावा अंगठा होता. तो कागद इन्स्पेक्टर साहेबांनी घेतला. दुसरा मी लिहिला, 'गा' घालून. त्यावर उजवा अंगठा आहे. तो उजवा घेतला तेव्हा मल्लेश मेलेला होता."

टायपिस्टची बोटं हवेत राहिली.

"शुद्धीवर आहात ना?" बाई म्हणाल्या. "तुम्ही साक्षीदार म्हणून आलात. हे बोललात तर आरोपी म्हणून बाहेर जाल."

"हो."

"इतकी वर्षं तुम्ही घेतलं नाहीत म्हणतात. काय मिळवलंत मग?" हे त्या रागाने बोलल्या, आणि तो राग यादगिरीवर नव्हता, वेणुगोपालांवर नव्हता. त्याच्यावर होता. पंगतीत वाढलेलं पान उधळून लावणाऱ्यावर असतो तसा.

"टाईप करा," दत्तात्रय टायपिस्टला म्हणाला. "'कु'. मी बघतो आणि मग सही करतो."

टायपिस्टने बाईंकडे बघितलं. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग हात हलवला. त्याने टाईप केलं. दत्तात्रयाने वाचलं, सही केली. वेणुगोपाल उठून गेले, जाताना खांद्यावर हात ठेवला नाही.

*

बाहेर पद्मावती उठून उभी राहिली. त्याने तिला मल्लेशचं वाक्य सांगितलं, त्याच्याच शब्दांत, एकेक अक्षर सुटं करून. मग कागद कसा बदलला ते सांगितलं. उजव्या अंगठ्याचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "राशिना." लिहिलं.

हा शब्द तोंडातून गेला की आवाज थांबेल, असं त्याला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. तो कान देऊन उभा राहिला.

पद्मावती काहीतरी जुळवत होती. कपाळावर आठी.

"उजवा कधी घेतला, सार? मी तिथेच होते की."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"मी शहाळं आणायला गेले तेव्हा?"

"हो."

"म्हणजे तुम्ही मला पाठवलं तेव्हा ते..."

"हो."

"मग मी परत आले आणि तुम्ही म्हणालात, झोपलाय." ती हळू बोलत होती, जणू कुणी जवळ झोपलं आहे. "मी बसले ना तिथे. वारा घालत. शहाळ्यातली नळी त्यांच्या ओठाला लावली. म्हटलं, झोपेत ओढतील. सांडलं तर पुसलं. किती वेळ बसले मी. नर्सने येऊन हटवलं तेव्हा कळलं."

व्हरांड्यातून माणसं ये-जा करत होती. कुणाच्या तरी चपलांचा फटफट आवाज होत होता.

"दोन आणली होती," ती म्हणाली. "एक त्यांना. एक तुम्हाला. म्हटलं, हा साहेब एवढ्या उन्हात आपल्या माणसासाठी बसलाय. पैसे नव्हते तेवढे, शहाळंवाल्याकडे उधार ठेवलं. तुम्ही प्यायलात, सार."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती आठवून सांगत होती, बस. पण दत्तात्रयाला त्या शहाळ्याचं पाणी घशात लागलं, गार, किंचित खारट. पैसे दिले नव्हते. द्यायचं सुचलंही नव्हतं. तिने दिलं, त्याने घेतलं. रोज यादगिरी बंडीवर घ्यायचा तसं, नेहमीप्रमाणे, हात पुढे करून, उभ्या उभ्या.

आणि आवाज थांबला नव्हताच. आला. कानाच्या अगदी जवळ.

राशिंड्रा सार?

दत्तात्रय वळला. दार ढकलून आत गेला. टायपिस्ट यंत्र बंद करत होता, बाई पर्स उचलत होत्या. दोघांनी वैतागून वर पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "एक ओळ राहिली. मीही घेतलंय. लिहा."